वेट ट्रेनिंगमध्ये जोर किती लावायचा आणि आराम किती करायचा, वहीतल्या आकड्यांवरून

बेंच प्रेस एकाच वजनावर अडकून बसली की बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात, एकतर अजून चार सेट वाढवतात नाहीतर वैतागून आठवडाभर जिमला दांडी मारतात, आणि दोन्ही वेळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसेच असतो. कधी जोर वाढवायचा आणि कधी हात आखडता घ्यायचा हे ठरवायला हाताशी थोडी नोंद लागते, ती बऱ्याच जणांकडे नसतेच. माझं म्हणणं सरळ आहे, रिकव्हरी ही फक्त सुट्टीच्या दिवशी करायची गोष्ट नाही, अर्धी रिकव्हरी सेट करतानाच ठरते, कुठला सेट कुठे थांबवला त्यावर पुढचे दोन-तीन दिवस कसे जाणार ते ठरतं. झोप, प्रोटीन वगैरे लागतंच, त्यावरही येऊ, पण पहिली गोष्ट ही.

आत नक्की काय चाललेलं असतं

१९७० च्या दशकात एरिक बॅनिस्टर नावाच्या संशोधकाने एक साधी मांडणी केली जी आजही कोच लोक वापरतात. प्रत्येक वर्कआउट तुम्हाला दोन गोष्टी देतो, थोडी ताकद आणि बराच थकवा. थकवा लगेच दिसतो पण लवकर उतरतो, ताकद हळू चढते पण जास्त दिवस टिकते, आणि तुम्ही आज किती वजन उचलू शकता ते या दोन्हींच्या वजाबाकीवर ठरतं. म्हणून असं होऊ शकतं की तुमची ताकद वाढलीये पण ती दिसतच नाहीये, कारण वर थकवा साचून बसलाय. हे एकदा डोक्यात बसलं ना की डिलोड, म्हणजे मुद्दाम हलका ठेवलेला आठवडा, घेताना अपराधी वाटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळं एकाच स्पीडने भरून निघत नाही. जड वर्कआउटनंतर स्नायूंमध्ये नवीन प्रोटीन बनण्याचा वेग साधारण एक ते दोन दिवस वाढलेला राहतो, मग पूर्ववत होतो. पण टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) आणि सांध्यांच्या आजूबाजूचा भाग त्यामानाने बराच हळू जुळवून घेतो, तिथे रक्तपुरवठाच कमी असतो. त्यामुळे चेस्ट तयार असते पण कोपर कुरकुरतंय, मांड्या तयार आहेत पण गुडघ्याखाली दुखतंय, असले प्रकार होतात. मसल फ्रेश वाटतोय म्हणजे सगळं फ्रेश आहे असं नाही.

पायरी १: वही घ्या (मोबाईल पण चालेल, पण लिहा)

प्रत्येक सेटसाठी तीन गोष्टी, वजन, रेप्स (न थांबता किती वेळा उचललं), आणि सेट थांबवला तेव्हा अजून किती रेप्स नीट फॉर्ममध्ये निघाल्या असत्या तो अंदाज. म्हणजे "स्क्वॉट ८० किलो, ८ रेप्स, शिल्लक २". बस एवढंच. या शिल्लक रेप्सच्या आकड्याला आपण इथे "शिल्लक" म्हणू. शिल्लक ० म्हणजे पुढची रेप निघालीच नसती.

आता प्रॉब्लेम असा की हा अंदाज सुरुवातीला जाम चुकतो. बहुतेक लोक जळजळ सुरू झाली की शिल्लक १ लिहून मोकळे होतात आणि खरं बघायला गेलं तर अजून चार-पाच निघाल्या असत्या, आणि १५-२० रेप्सच्या लांब सेटमध्ये तर हा गोंधळ अजून जास्त. त्यावर उपाय सोपा आहे, लेग एक्स्टेंशन, केबल कर्ल असल्या सेफ एक्सरसाइजच्या शेवटच्या सेटला आधी मनात आकडा ठरवायचा, "इथून अजून २ निघतील", आणि मग पुढची रेप खरंच निघत नाही तोवर करत राहायचं. २ च्या जागी ५ निघाल्या तर कळलं ना तुमचा अंदाज कुठे आहे. दर दोनेक आठवड्यांनी हे करा. अजून एक खूण म्हणजे वेग, तुम्ही पूर्ण जोर लावताय तरी रॉड आपोआप स्लो होतोय, तर तुम्ही शेवटच्या दोन-तीन रेप्समध्ये आलात. वेग पहिल्या रेपसारखाच आहे आणि तोंडावर मात्र युद्धाचे भाव, तर शिल्लक बरीच आहे.

पायरी २: कुठला सेट कुठे थांबवायचा

इथे थोडा वेळ काढूया कारण खरा खेळ इथेच आहे.

स्नायू वाढवायचे असतील तर सेट फेल्युअरच्या, म्हणजे शिल्लक ० च्या, जवळ न्यावा लागतो हे खरं, पण प्रत्येक वेळी फेल्युअरलाच टेकवायची गरज नाही. शिल्लक १ ते ३ मध्ये थांबवलेल्या सेटने जवळपास तेवढंच काम होतं आणि त्याची किंमत मात्र बरीच कमी पडते. तेवढंच वजन आणि तेवढ्याच एकूण रेप्स, पण एकदा सेट फेल्युअरपर्यंत नेऊन आणि एकदा अलीकडे थांबून, अशी तुलना संशोधनात झालेली आहे, आणि फेल्युअरवाल्या प्रकारात ताकद आणि वेग पूर्ववत व्हायला एक-दोन दिवस जास्त लागले. म्हणजे शेवटच्या त्या एका रेपसाठी तुम्ही पुढचं आख्खं सेशन गहाण टाकता. परवडत असेल तर करा, पण परवडतंय का ते बघून करा.

मी असं विभागतो. स्क्वॉट, डेडलिफ्ट असल्या जड, सगळ्या अंगाला लागणाऱ्या लिफ्टला शिल्लक २ ते ३, कारण तिथे शेवटच्या रेप्समध्ये फॉर्म बिघडतो, पाठ गोल होते आणि थकवा पण सगळीकडे पसरतो. बेंच, ओव्हरहेड प्रेस, रो, पुलअप यांना १ ते २. आणि कर्ल, लॅटरल रेज, लेग कर्ल, काफ रेज असल्या छोट्या एक्सरसाइजला ० ते १, तिथे फेल्युअरला गेलात तरी दुसऱ्या दिवशी फार काही बिल येत नाही. बरेच जण बरोबर उलटं करतात हे गमतीशीर आहे, डेडलिफ्ट मरेपर्यंत ओढतात आणि लॅटरल रेज गप्पा मारत मारतात. एकटे बेंच करताना स्पॉटर (गरज पडली तर रॉड धरणारा माणूस) किंवा सेफ्टी पिन (रॉड अडवणारे दांडे) नसेल तर फेल्युअरचा विषयच नको.

वजन किती घ्यायचं? स्नायूंसाठी ५ पासून ३० पर्यंत कुठल्याही रेप्समध्ये काम होतं, फक्त सेट खरोखर कठीण झाला पाहिजे. ताकदीसाठी मात्र जड लागतं, तुमच्या कमाल एका रेपच्या ८० टक्के आणि वर. ती कमाल दर महिन्याला लावून बघायची काहीच गरज नाहीये, एपलीचा फॉर्म्युला पुरतो, रेप्सला ३० ने भागा, त्यात १ मिळवा, वजनाने गुणा. ८० किलोच्या ८ रेप्स म्हणजे साधारण १०१ किलो. हा आकडा शब्दशः खरा मानू नका, १० रेप्सच्या वर तर अजिबातच नको, पण दर आठवड्याला तो वर जातोय की खाली हे बघायला एकदम मस्त. सेट शिल्लक २ वर थांबवला असेल तर त्या २ पण रेप्समध्ये धरा, नाहीतर तुलना चुकेल.

पायरी ३: आठवड्याचे सेट मोजा

प्रत्येक स्नायूसाठी आठवड्याला किती कठीण सेट पडतात ते मोजा, कठीण म्हणजे शिल्लक ४ किंवा कमी, वॉर्मअपचे धरायचे नाहीत. बेंच प्रेसचा एक सेट चेस्टला एक आणि ट्रायसेपला अर्धा, रोचा एक सेट पाठीला एक आणि बायसेपला अर्धा, असा ढोबळ हिशोब. हे मोजल्यावर लोक दचकतात, कारण बायसेपला वेगळा दिवस, शिवाय पाठीच्या दिवशी पुलअप आणि रो, असं करत करत बायसेप आठवड्याला वीस-बावीस सेट खात असतो, मागच्या मांडीला मात्र तीनच मिळतात.

नवीन असाल तर स्नायूमागे ५-६ सेट भरपूर आहेत, सुरुवातीचे काही आठवडे ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा शिकतात म्हणून, त्याला ढीगभर सेट लागत नाहीत. वर्षभर नियमित केलं असेल तर १० च्या आसपास सुरुवात करा. आणि हे सेट दोन दिवसांत वाटा, मध्ये किमान ४८ तास ठेवून. एकाच दिवशी चेस्टला १४ सेट मारले तर शेवटचे पाच-सहा नुसते उरकलेले असतात, थकवा पूर्ण पण काम अर्धवट.

सेटमधला आराम पण यातच येतो. मोठ्या लिफ्टला ३ मिनिटं, अगदी जड असेल तर ५, छोट्यांना दीड-दोन. जड सेटला लागणारी झटपट एनर्जी स्नायूंमधल्या फॉस्फोक्रिएटिनमधून येते आणि ते बऱ्यापैकी भरायला तीन-चार मिनिटं जातात. एक मिनिटात पुढचा सेट घेतला तर घाम जास्त येतो, वजन मात्र कमी उचललं जातं. घामासाठीच आला असाल तर वेगळी गोष्ट.

पायरी ४: वाढवायचं कसं

रेप्सची एक रेंज ठरवा, समजा ६ ते १०. ८० किलोने सगळ्या सेटमध्ये १० रेप्स, तेही ठरवलेल्या शिल्लकवर निघाल्या की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा, रेप्स एक-दोनने खाली येतील, परत चढवत न्या. शिल्लकचा आकडा मोडून वाढवलेली रेप ही वाढ नाहीच. मागच्या आठवड्यात ८ रेप्स शिल्लक २ आणि या आठवड्यात ९ रेप्स शिल्लक ०, तर ताकद वाढली नाहीये, तुम्ही फक्त जास्त पिळून घेतलंत, आणि असं तीन आठवडे सलग झालं की मग "काय माहीत का अडकलो".

पायरी ५: अडकलात तर वही काय सांगते

दोन-तीन आठवडे आकडा हलला नाही तर दोन प्रश्न विचारा. एक, त्या स्नायूच्या पुढच्या सेशनला मी फ्रेश जातोय का? दोन, वॉर्मअपची वजनं नेहमीसारखी वाटतात का?

दोन्हीला हो असेल आणि तरी वाढ नाही, तर तुम्ही कमी करताय. त्या स्नायूला आठवड्याला २ सेट वाढवा, किंवा शिल्लक ३ वर थांबत असाल तर २ वर या. दोन्ही एकदम नको, मग कशाने फरक पडला कळणारच नाही.

नाही असेल, म्हणजे चेस्ट अजून दुखतीये, खांदा आखडलाय, रिकामा रॉडच जड वाटतोय, तर तुम्ही भरून निघण्यापेक्षा जास्त खर्च करताय. एक तृतीयांश सेट कापा आणि दोन आठवडे बघा. ही गोष्ट कोणालाच पटत नाही, कमी करून वाढ होईल असं वाटतच नाही, पण तरुण वयात मिळवलेला स्नायू टिकवायला आधीच्या साधारण एक तृतीयांश सेट पुरतात (वय वाढलं की थोडे जास्त लागतात), म्हणजे दोन आठवडे कमी केल्याने गमावण्यासारखं जवळपास काही नाही.

आणि एकच लिफ्ट अडकलीये, बाकी सगळ्या चालू आहेत, तर थकव्याला दोष देऊ नका. तिथे टेक्निक बघा, रेप्सची रेंज बदला, किंवा ती लिफ्ट सेशनमध्ये पहिली घ्या.

पायरी ६: त्या दिवशीचा निर्णय

प्लॅनमध्ये काहीही लिहिलेलं असो, काही दिवस शरीर नाही म्हणतं. झोप झाली नाही, ऑफिसात दिवसभर डोकं उठलंय, तर ते वजनावर दिसतंच. घरूनच "आज मूड नाही" म्हणून परत फिरू नका, मूडचा आणि ताकदीचा संबंध वाटतो तेवढा नसतो. जा, वॉर्मअप करा, आणि त्या दिवशीच्या मुख्य सेटला ठरवलेल्या वजनाच्या साधारण ८५-९० टक्क्यांवर एक-दोन रेप्स घेऊन बघा. नेहमीच्या वेगाने गेली तर प्लॅनप्रमाणे करा. स्लो गेली तर वजन ५ ते १० टक्के कमी आणि एक सेट कमी, बास. त्या ५-१० टक्के कमी वजनावर पण घसरगुंडी चालू असेल तर छोट्या एक्सरसाइज उरकून घरी. आणि उलटही आहे, एखाद्या दिवशी सगळं हलकं लागतंय तर एक सेट वरचा घ्या, पण एकच. चांगल्या दिवशी हावरटपणा केला की त्याचं बिल पुढच्या आठवड्यात येतं.

पायरी ७: डिलोड आधीच लिहून ठेवा

थकून पडल्यावर घेतलेला डिलोड म्हणजे उशीर झालेला डिलोड. जड उचलणाऱ्यांनी साधारण चार ते सहा आठवड्यांनी, हलकं किंवा कमी दिवस करणाऱ्यांनी सात-आठ आठवड्यांनी एक आठवडा तसा ठेवायचा. नवीन माणसाला पहिले काही महिने लागत पण नाही.

करायचं काय, तर सेट निम्मे, वजन आधीच्या ९० टक्क्यांच्या आसपास, प्रत्येक सेट शिल्लक ४-५ वर सोडायचा. वजन फार कमी करू नका, हाताला जड वजनाची सवय राहू द्या, कापायचे ते सेट. सेशन अर्ध्या-पाऊण तासात संपेल, उरलेल्या वेळात "आता काहीतरी कार्डिओच मारतो" म्हणून एचआयआयटी (थांबून थांबून पूर्ण जोराने केलेला कार्डिओ) घुसवू नका, मग डिलोड कशाचा.

पूर्ण सायकल अशी दिसते, समजा आठवड्याला चार दिवस, दोन अपर बॉडी, दोन लोअर बॉडी. पहिला आठवडा मोठ्या लिफ्टला शिल्लक ३, दुसरा शिल्लक ३ पण हातात अडीच किलो किंवा एक रेप जास्त, तिसरा शिल्लक २, चौथा २, पाचवा १ ते २ (डेडलिफ्ट २ वरच राहू द्या), सहावा डिलोड. सातव्याला परत शिल्लक ३ पासून, पण मागच्या पहिल्या आठवड्यापेक्षा थोड्या जास्त वजनाने. पहिले दोन आठवडे फार सोपे वाटतात आणि तिथेच लोकांचा धीर सुटतो, पण पाचव्यात जोर लावायला काहीतरी शिल्लक हवं की नको?

जिमबाहेरचं

झोप पहिली, बाकी सगळं नंतर. मोठ्या माणसाला ७ तास तरी हवेतच, जड ट्रेनिंग चालू असेल तर ८. वजन कमी करायला कॅलरी कापल्या असतील तर झोप अजून महत्त्वाची, कारण कमी झोपेत उतरलेल्या वजनात चरबीचा वाटा घटतो आणि स्नायूंचा वाढतो. त्या काळात सेट पण थोडे कमीच ठेवा, खाणं कमी आणि सेट जास्त हे गणित फार दिवस चालत नाही.

प्रोटीन रोज शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण १.६ ग्रॅम, २.२ च्या वर जाऊन विशेष काही मिळत नाही. ७० किलोच्या माणसाला ११० ग्रॅमच्या आसपास, तीन-चार जेवणांत वाटून. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा. वर्कआउट संपल्यावर अर्ध्या तासात शेक घेतला नाही तर सगळं वाया, असं काही नसतं.

सुट्टीच्या दिवशी चालणं, हलकी सायकल, थोडी हालचाल चांगलीच. बर्फाच्या पाण्यात बसायची फॅशन आहे, त्याने दुखणं कमी वाटतं हे खरं, पण दर वर्कआउटनंतर लगेच घेतलं तर स्नायूंची वाढ थोडी दबते, त्यामुळे स्नायू वाढवायचे असतील तर मी तरी ते टाळतो. फोम रोलर, मसाज वगैरे, बरं वाटत असेल तर करा.

दुखणं वाचायला शिका

दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरता येत नाहीत ते दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला जातं आणि मग उतरतं. त्याला लॅक्टिक अॅसिड जबाबदार नाही, ते तर व्यायाम संपल्यावर तासाभरात साफ झालेलं असतं. नवीन एक्सरसाइज किंवा वजन सावकाश खाली सोडण्याचं काम जास्त झालं की हे होतं, आणि तीच गोष्ट दुसऱ्यांदा केली की बरंच कमी दुखतं. त्यामुळे दुखलं म्हणजे वर्कआउट भारी झाला असं नाही, आणि दुखलं नाही म्हणजे फुकट गेला असंही नाही. थोडं अंग दुखत असताना ट्रेनिंग चालतं. वॉर्मअपनंतर पण हालचाल अर्धवट राहतीये तर त्या स्नायूला अजून एक दिवस द्या.

सांध्यातलं, एका बोटाने दाखवता येईल असं टोचणारं दुखणं मात्र वेगळं. ते प्रत्येक सेटला वाढत असेल तर ती एक्सरसाइज त्या दिवसापुरती बंद, पर्याय शोधा, आणि दोन आठवड्यांत उतरलं नाही तर फिजिओकडे जा. आणि एक गोष्ट अजिबात अंगावर काढायची नाही, प्रचंड वर्कआउटनंतर स्नायू सुजून कडक झालेत, हद्दीपलीकडे दुखतंय आणि लघवी कोकसारखी गडद होतीये, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. रॅब्डोमायोलिसिस, म्हणजे स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरणं, असू शकतं, त्यात किडनीला धोका असतो. खूप दिवसांच्या गॅपनंतर एकदम जुन्या जोशात उतरणाऱ्यांना हे व्हायची शक्यता जास्त.

खरं ओव्हरट्रेनिंग, ज्यातून बाहेर यायला महिने लागतात, ते जिममध्ये हौशी लोकांना क्वचितच होतं. आपल्याकडे जास्त दिसतं ते त्याच्या अलीकडचं, दोन-तीन आठवडे सगळ्याच लिफ्ट खाली जातायत, झोप नीट लागत नाही, सकाळची नाडी नेहमीपेक्षा वर, चिडचिड, भूक मेलेली. एखादं लक्षण सुटं असेल तर दुर्लक्ष करा, सगळी एकत्र आली तर लगेच डिलोड, आणि दोन आठवडे हलकं करून पण फरक नसेल तर रक्त तपासून घ्या, कधीकधी कारण थायरॉइड नाहीतर कमी हिमोग्लोबिन निघतं आणि आपण बसतो सेट मोजत.

गॅपनंतर परतताना

आठवडाभराची सुट्टी झाली असेल तर काहीच बदलायची गरज नाही, उलट पहिल्या दिवशी वजन हलकंही लागू शकतं. दोन ते चार आठवडे गेले असतील तर ८० टक्के वजन, निम्मे सेट, शिल्लक ४, आणि दर आठवड्याला थोडं थोडं वर. महिन्याच्या वर गेले असतील तर ६०-७० टक्क्यांपासून, आणि पहिल्या आठवड्यात स्नायूमागे दिवसाला दोनच सेट. ताप येऊन गेला असेल तर ताप पूर्ण उतरून किमान एक-दोन दिवस जाऊ द्या, छातीत दुखणं किंवा धाप लागणं असेल तर डॉक्टरने हो म्हटल्याशिवाय रॉडला हात नाही. गेलेली ताकद पहिल्यांदा कमवायला लागली त्यापेक्षा खूप लवकर परत येते, त्यामुळे हे दोन-तीन आठवडे जुनी वही उघडून जुन्या आकड्यांशी तुलना करत बसू नका, नवीन पान उघडा आणि तारीख टाकून पहिला सेट लिहा.